एकाने पुढचा काटा

वरठीजवळच्या ज्या शेडमध्ये मी काम करतो, तिथे बसच्या बॉडीला पत्रे रिव्हेट करतात. रिव्हेटच्या गन हवेवर चालतात आणि कॉम्प्रेसर माझ्याकडे. मीटरवर हवेचा दाब सहावर स्थिर पाहिजे. कमी झाली की रिव्हेट ढिलं बसतं, जास्त झाली की पत्र्याला पोचे पडतात. चार गन एकदम सुरू झाल्या की हवा पडतेच, म्हणून हात सतत व्हॉल्व्हवर. चहासुद्धा मी मीटरकडे बघत पितो.

गेल्या पावसाळ्यात माझ्याच हातून पाना निसटून मीटरवर पडला. पंक्चरवाल्याचं मीटर आणून गुपचूप लावून पाहिलं, तर आमचा काटा एकाने पुढे दाखवत होता. बोलणी बसतील म्हणून गप्प राहिलो. काटा सातवर ठेवायचा, म्हणजे हवा सहा. विषय संपला.

पुढे मी दोन दिवस तापाने पडलो. माझ्या जागी वेल्डर बसला. त्याने इमानदारीने काटा सहावर ठेवला आणि बसची एक अख्खी बाजू ढिली निघाली. ती रिव्हेटं ड्रिलने काढता काढता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. मी परतलो तेव्हा मिस्त्री म्हणाले, "हवा फक्त तुलेच समजते गा." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. खरं सांगायची वेळ मी मिरवण्यात घालवली.

मग मायच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. "तू बाजूले असशीन तरच मी टेबलावर झोपीन," तिने बजावलं होतं. त्या दिवशी सकाळीच मी शेडवर सुट्टी मागितली.

मिस्त्री म्हणाले, "जा ना. पन हवा कोन सांभाळन? तूच सांग."

उत्तर एका वाक्याचं होतं. पण माझ्यापायी बोलणी खाल्लेला वेल्डर शेजारीच उभा होता. वाक्य ओठांपर्यंत आलं आणि मी ते गिळलं. शेडचं फाटक सताड उघडं होतं. मी परत मीटरसमोर जाऊन बसलो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

संध्याकाळी कारध्याला घरी पोचलो. शेजारीण मायला दवाखान्यात घेऊन गेली होती, पण माय टेबलाजवळूनच परत फिरली. तिने चाचपडत पाण्याचा गिलास माझ्यापुढे केला.

"काहून बापू, सोडलं नाई का तुले?"

"नाई सोडलं."

"तुह्याबिगर चालतच नसन त्याहीचं," माय म्हणाली. मग दारातून हाक मारून तिने शेजारणीलाही तेच सांगितलं.