शालनच्या पुस्तकातलं सातवं पान

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोला निम्मी माहीत आहे. उरलेली निम्मी मी तिच्यापासूनही लपवली. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. बघतो.

मी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून आहे. उसाची भरलेली गाडी काट्यावर येते, मग तीच रिकामी होऊन येते, आणि वजाबाकी करून निव्वळ वजन मी पावतीवर लिहितो. माझी पावती चुकली म्हणून अजून कुणी परत आणलेली नाही. गाडीवान चेष्टा करायचे, "अण्णा देवालाबी काट्यावर घेतील, आन् वर म्हणतील मुकुट काढून ठेव." हसायचे, पण विश्वास होता. तो विश्वास मला फार आवडायचा. फारच.

शालन चार वर्षांची झाली तेव्हा कॉलनीतल्या बालवाडीत जाऊ लागली. तिथल्या बाई नव्या होत्या. अक्षरांच्या आधी पोराला स्वतःची ओळख व्हावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी भिंतीवर पोरांच्या उंचीला आरसा लावला. रोज एकेकाला त्यापुढं उभं करून विचारायच्या, कोण दिसतंय? पोरं आधी लाजायची, मग जिभा काढून दाखवायची. मग बाईंनी ठरवलं की प्रत्येक मुलाचं एक ‘माझं पुस्तक’ करायचं. कागद मी दिला — बाद झालेल्या वजनाच्या पावत्या, मागून कोऱ्या. बाईंनी त्या दाभणानं शिवल्या. एका पानावर हळदीच्या पाण्यात बुडवलेल्या हाताचा ठसा. एकावर मुलाच्या उंचीएवढा दोरा, वेटोळं करून चिकटवलेला. एकावर आजचं वजन. त्यासाठी मी गोदामातल्या लहान काट्यावर एकेका मुलाला उभं केलं होतं. शालन तेरा किलो चारशे. हा आकडा खरा आहे.

पहिलं पान तेवढं घरून भरून आणायचं होतं. माझा जन्म कुठे झाला. जन्मले तेव्हा वजन किती होतं. माझं नाव कुणी ठेवलं.

शालन आमच्या पोटची नाही.

भूकंप झाला तेव्हा मी साताऱ्याकडच्या एका कारखान्यात होतो. मदतीचा ट्रक कोयनेकडे निघाला, त्यात मीही चढलो. पाटणच्या वरच्या अंगाला एका वाडीत पडक्या भिंतीसमोर एक म्हातारा बसला होता, मांडीवर तीन महिन्यांची नात. तिचे आईबाप भिंतीखाली गेले होते. म्हाताऱ्याची लेक पाय मोडून दवाखान्यात. पोरीला दूध पाजायला कुणी नाही. तो म्हणाला, "लेक बरी हुईस्तवर न्या. तवर तुमी सांबाळा." मी पत्ता लिहून दिला आणि पोर घरी आणली. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

‘तवर’ म्हणजे किती? मी बायकोला म्हणालो, गळीत हंगाम संपला की कळवू. पुढच्या वर्षी सांगलीकडे नोकरी मिळाली, आम्ही बिऱ्हाड हलवलं, आणि नवा पत्ता मी मागे कुणाकडेही ठेवला नाही. बायकोनं आणखी एक-दोन हंगाम विचारलं. मग तिनं विचारणं सोडलं.

तर ते पान. बायको म्हणाली, "कोरं राहू द्या." पण मला कोरा रकाना बघवत नाही — आणि एकटं आमचंच पान कोरं गेलं तर बाई काय म्हणतील? मी लिहिलं, जन्म सांगली. वजन दोन किलो सातशे. तीन का नाही लिहिलं? गोल आकड्यावर माणसं शंका घेतात, हे काट्यावर शिकलो होतो. नाव कुणी ठेवलं? आत्यानं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्याच, तेव्हा यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

मला बहीण नाही.

सातवं पान बाईंनी वर्गात भरून घेतलं. माझ्या अंगावरची खूण. शालननं झगा वर करून पोट दाखवलं. बेंबीच्या डाव्या बाजूला दोन काळे डाग — तान्हेपणी कुणीतरी बिब्बा घातला होता, त्याचे. बाईंनी तिच्याच हातानं पानावर दोन ठिपके काढून घेतले.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी बायको सांगलीच्या बाजारात गेली होती, आणि दारात एक बाई उभी राहिली. एका पायानं लंगडत होती. म्हणाली, "आवं, त्या ट्रकच्या डायवरनं तुमास्नी हितल्या काट्यावर बगितलं, त्यानं पत्ता दिला. तीन येश्ट्या बदलून आली. माज्या भावाची पोर तुमच्याकडं हाय म्हंत्यात." म्हातारा मेला होता. ती सगळीकडे विचारत फिरली होती.

मी काय केलं? पाणी दिलं. मग म्हणालो, तुमची काहीतरी चूक होतेय, ही आमची मुलगी. तेवढ्यात शालन आतून तिचं पुस्तक घेऊन आली. येईल त्या पाहुण्याला ती ते दाखवायची. बाईला वाचता येत नव्हतं. मी ते शालनच्या हातातून घेतलं आणि मोठ्यानं वाचू लागलो. जन्म सांगली. वजन दोन किलो सातशे. माझं नाव आत्यानं ठेवलं.

"व्हय," ती म्हणाली, "आत्याच ठेवती. आमच्या पोरीच्या कानात म्याच नाव सांगितलं." मग थोडं थांबून म्हणाली, "तिच्या बेंबीजवळ बिब्ब्याचं दोन डाग हुतं, दादा. येकडाव झगा वर करून बगू का?"

मी म्हणालो, "दुसऱ्याच्या घरात येऊन असं बोलतात का?" तिनं पदर तोंडाशी नेला. तिला लाज वाटली — तिला. आणि मी कामात पक्का माणूस, म्हटलं, सगळं पुस्तकच वाचून दाखवतो. हाताचा ठसा दाखवला, दोरा दाखवला, वजन वाचलं. सहावं पान झालं, आणि मी दोन पानं एकदम उलटली.

शालन म्हणाली, "अण्णा, एक पान राहिलं."

"राहू दे," मी म्हणालो. "पाहुण्यांची गाडी चुकेल."

ती उठली. "कागदावर हाय म्हंजे खरंच आसंल," म्हणाली. हे ती शालनचं बोलणं ऐकून म्हणाली, की न ऐकता? सात वर्षं मी हेच मोजतो आहे. पिशवीतून तिनं एक झगा काढला. अंदाजानं आणलेला. "आणलाय तर ऱ्हाऊ द्या, हिच्या मापाचा दिसतोय." उंबऱ्यापाशी वळून तिनं एकदाच, हळू, ते कानात सांगितलेलं नाव उच्चारलं. शालन पुस्तकातलं राहिलेलं पान शोधत होती. तिनं वर पाहिलं नाही.

झगा शालनला नेमका बसला. बायकोला सांगितलं, मी आणला.

आता शालन अकरा वर्षांची आहे. मैत्रिणींना सांगते, मी जन्मले तेव्हा दोन किलो सातशे होते. मी ऐकतो. खोडलं तर तिचे आईबाप, गाव, जन्म सगळं खोडावं लागतं. नाही खोडलं तर रोज नव्यानं लिहिलं जातं. काट्यावर उभा राहून खाली उतरता येऊ नये, तसं झालंय माझं. मागच्या महिन्यात ट्रंक आवरताना ते पुस्तक हाताला लागलं. तिनं पानांना पेन्सिलीनं आकडे घातले आहेत, एकापासून बारापर्यंत, माझ्यासारखेच नीट. सातव्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे. मला तिनं काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

तेव्हा जे खरं आहे ते इथे लिहितो. तिचं जन्माचं वजन मला माहीत नाही. जन्माची तारीख माहीत नाही. जन्म सांगलीत झालेला नाही. डाग दोनच आहेत. तिला एक आत्या आहे, एका पायानं लंगडते, आणि तिनं बारशाला भाचीच्या कानात जे नाव सांगितलं ते आमच्या घरात मला एकट्याला माहीत आहे.

मंजुळा.