शकुंतलाताईंची ओटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एकीला अर्धं माहीत आहे, आणि उरलेलं अर्धं नेमकं तिच्यापासूनच लपवलंय — मग ते सांगितल्यात धरायचं का? तुम्ही आमच्या फैजपूरचे नाही, आमच्या घरी जेवायला येणार नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलते. एका दमात जमणार नाही. आधी डोंगराचं सांगते, कारण ते सांगताना मला अजून मजा येते.

आमच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो. लग्न होऊन आले त्या दिवसापासून बघते आहे. केळीच्या बागा संपल्या की त्याची निळी रेघ सुरू होते. बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, वाळत घालताना समोर तोच, कपडे झटकताना समोर तोच. आणि इतक्या वर्षांत मनुदेवीच्या नवसापलीकडे आमच्यातलं कुणी तिकडे गेलं नाही. डोंगराचं काय बघायचं, तो काय पळून जातो का, असं आमचे आबा म्हणजे माझे सासरे म्हणायचे. त्यांना उलट कोण बोलणार?

मग एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तुम्ही हसाल, पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो तिथून. पोरं मार्गी लागलेली, गुडघे अजून माझं ऐकत होते, पापडांच्या ऑर्डरीतून चार पैसे गाठीला होते. दिवाळी झाल्यावर त्याच सातपुड्यातल्या तोरणमाळला जायचं ठरवलं. एकटीनं.

पण आमच्या घरात बाईला कुठे चाललीस असं आधी विचारत नाहीत. कुणासंगं, असं विचारतात. सासूबाईंनी — त्यांना सगळे अक्का म्हणतात — तेच विचारलं. आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, धुळ्याच्या शकुंतलाताई आहेत ना, निवृत्त शिक्षिका, माझ्या माहेरच्या ओळखीच्या.

अशी बाई नव्हती. धुळ्यात शकुंतला नावाच्या पुष्कळ असतील, पण ही मी चुलीसमोर उभ्याउभ्या जन्माला घातली. चष्मासुद्धा लावून दिला.

आणि निघाले. काय सांगू तुम्हाला! पिशवीत दशम्या, ठेचा, बागेतली केळी, एक शाल. चोपड्याची गाडी, तिथून शिरपूर, तिथून शहादा — आणि सगळ्या वाटेनं सातपुडा उजव्या खिडकीत. मी ती खिडकी कुणाला दिली नाही. शिरपूरच्या पुढे एक म्हातारी शेजारी बसली, अहिराणी बोलणारी. माझं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे ती भाषा कानावर पडली की माझं निम्मं वय गळून पडतं. तिनं विचारलं, “एकलीच शे का व माय?” मी हो म्हटलं. पहिल्यांदा खरं बोलले ते त्या अनोळखी बाईशी. तिला काही विशेष वाटलं नाही. “मंग भ्याव कसाना? बठ्ठा आपलाच मानसे शेतस,” म्हणाली, म्हणजे भ्यायचं कशाला, सगळी आपलीच माणसं, आणि माझ्या दशमीतली अर्धी खाऊन झोपून गेली.

शहाद्याला एका धर्मशाळेत पाठ टेकली, सकाळच्या गाडीनं वर. घाटात गाडी वळली की अंगातलं सगळं एका बाजूला जातं. वर पोचले तर तळं, धुकं आणि अशी थंडी की शाल पुरेना. तिथल्या एका पावरा आदिवासी बाईच्या घरात राहिले. तिला माझं बोलणं निम्मं कळायचं, मला तिचं त्याहून कमी, तरी आम्ही चुलीपाशी बसून पोटभर हसलो. कशाला हसलो ते आजही सांगता येणार नाही. तिनं झाडावरची शेवटची सीताफळं दिली, मी तिला बिबडे भाजून दाखवले.

सीताखाईच्या काठावर मी एकटी उभी राहिले. खाली दरी, पाण्याची एक बारीक धार, आजूबाजूला चिटपाखरू नाही. घरी मला वहिनी म्हणतात, काकू म्हणतात, मोठी म्हणतात. नावानं हाक मारणारी आई होती, तीही गेली. मी छातीभर वारा घेतला आणि मोठ्यानं ओरडले — सुमन! दरीनं नाव परत दिलं. मी पुन्हा ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. वेड लागलं म्हणा हवं तर. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता, मुलं झाली तेव्हा झाला होता, पण तेव्हा टाके दुखत होते.

उतरताना घाटात एसटी बंद पडली. लोक कंडक्टरशी भांडत बसले. मी पिशवी डोक्यावर घेतली आणि मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायकांच्या मागे चालायला लागले. सगळा घाट पायी उतरले. खाली पोचले तेव्हा पाय लटपटत होते आणि मी राणीसारखी एका दगडावर बसून उरलेलं केळं खाल्लं.

आता ऐका, इथून वाट वाकडी होते.

घरी आल्यावर सगळे भोवती बसले. सांगायला तर हवं होतं, पोट फुगलं होतं नुसतं. पण बंद पडलेली गाडी सोडून सुमन चालत निघाली, हे कसं सांगणार? मग शकुंतलाताई म्हणाल्या, चला, पायीच उतरू. दरीत ओरडलं कोण? शकुंतलाताई. पावरा बाईशी आधी कोण बोललं? त्याच. मी आपली त्यांच्या मागे पिशवी धरून. अक्का ऐकून गालावर हात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, “बाई नाही, वाघीण हाये ती.” मी हो हो म्हणाले. आतून काहीतरी चरचरलं, ते मी पाण्याबरोबर गिळलं.

वर अक्कांनी नवंच काढलं. जिनं सुनेला सुखरूप घरी आणलं, त्या सोबतिणीची ओटी भरल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. आमच्याकडची रीत आहे ती, आणि अक्का रीत सोडणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी खण, नारळ, तांदूळ आणि बिबड्यांचा गठ्ठा बांधून दिला. मी तो घेऊन धुळ्याला गेले. खण-नारळ देवीच्या देवळात ठेवला. बिबडे कुणाला देणार? माहेरी वाटले. पुढे माहेरी निघाले की दर वेळी शकुंतलाताईंसाठी गठ्ठा तयार. एकदा तर अक्कांनी निरोप दिला, त्यांच्या गुडघ्यांना जपायला सांग. न जन्मलेल्या बाईचे गुडघे! सांगा, हसू का रडू?

इथपर्यंत गंमत होती. इथपर्यंतचं मी कधीतरी अक्कांना सांगूनही टाकलं असतं, त्यांनी लाटणं उगारलं असतं आणि विषय संपला असता.

पण तेजल — माझ्या दिराची मुलगी.

कॉलेज झालेलं, अंगानं काटक. रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळायची. तिनं उत्तरेकडच्या एका गिर्यारोहणाच्या वर्गाला अर्ज केला आणि तिला जागा मिळाली. बर्फातला डोंगर, महिनाभर. भुसावळहून दिल्लीची गाडी, पुढे बस, सगळं एकटीनं. तिनं लपवलं नाही. संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते, तिचे आईवडील होते, अक्का होत्या, मी शेंगा सोलत होते. ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मला जायचंय, एकटीनं जायचंय, मी तयारी केली आहे.

आबांनी माझ्याकडे बघितलं. “तू सांग बरं, मोठे. तू डोंगर पाहून आली ना. एकट्या पोरीले जमते का तठी?”

निर्णय माझ्या ओंजळीत आणून ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं माझं मत विचारलं होतं. मी हो म्हटलं असतं तर ती गेली असती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आत्ताही कळतं.

मी म्हणाले, “नाही जमत, आबा. शकुंतलाताई होत्या म्हणून मी घरी आलेली दिसते.”

संपलं. तेजलनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचे बूट फडताळात गेले. थोड्याच दिवसांत सावद्याचं एक स्थळ आलं, बोलणी बरीच पुढे सरकली. ते लोक स्वतःहून मागे फिरले म्हणून वाचली ती, माझ्यामुळे नाही.

आणि ती मला काही बोलली नाही, हेच तर वाईट होतं. उलट पापड लाटायला माझ्याजवळ येऊन बसायची आणि म्हणायची, काकू, तो घाट उतरल्याचं पुन्हा सांग. शकुंतलाताई घाबरल्या नाहीत का? एकदा लाटता लाटता म्हणाली, मला त्यांच्यासारखं व्हायचंय. माझ्या हातातला पापड फाटला. पोर माझ्यासमोर बसून माझ्यासारखं व्हायचं म्हणत होती, आणि मी तिथे नव्हते.

दुसऱ्या वर्षी मी तिला पुन्हा अर्ज करायला लावला. जागा पुन्हा मिळाली. मग मी आबांसमोर गेले आणि सांगितलं, शकुंतलाताई हरिद्वारला निघाल्यात, तेजलला नेऊन पोचवतील, परतताना घेऊन येतील. कुणी हूं की चूं केलं नाही. अक्कांनी लगेच बिबडे काढले. निघायचा दिवस मी बघून ठरवला — त्या दिवशी आमच्या बागेत घडांची कापणी होती, ट्रक बांधावर उभा. केळी कुणासाठी थांबत नाही, म्हणून घरातलं कुणीच स्टेशनवर येऊ शकलं नाही. मी एकटी तिच्याबरोबर भुसावळला गेले.

फलाटावर ती इकडेतिकडे बघायला लागली. काकू, त्या कुठे आहेत? मी म्हणाले, नाहीत. कधीच नव्हत्या. तो घाट मी उतरले, एकटी.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि आधी हसली. असं हसली की शेजारचा हमाल वळून बघायला लागला. मग हसता हसता थांबली. गाडी लागली होती. डब्यात चढून ती दारातून म्हणाली, “मग मागच्या वर्षी तू ‘नाही’ का म्हणालीस?” मी तिच्या हातात बिबड्यांचा गठ्ठा दिला. गाडी हलली.

आणि पोरीनं काय केलं म्हणता! ती बर्फात चढली. दोर बांधून, कुऱ्हाड रोवून, नाकाचं टोक काळं करून घेऊन ती वर पोचली आणि एकटीनं परत आली. तिचा फोटो आला तेव्हा मी बागेत होते. मी पाटातल्या पाण्यात बसून रडले, कौतुकानं रडले, हे खरं आहे. तेवढं तरी माझं माना.

ती आली त्या आठवड्यात शेतात भरीत केलं. कापसाच्या वाळक्या पराट्या पेटवून वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, सगळे भाऊबंद पुऱ्या घेऊन बसले. अक्कांनी विचारलं, शकुंतलाबाईंचं काय, बऱ्या आहेत ना? तेजल पाणी प्यायली आणि म्हणाली, “त्या ऐनवेळी आल्या नाहीत, तब्येत बिघडली. काकूला मीच सांगू नको म्हटलं. मी एकटीच गेले, आजी. एकटीच आले.”

आबांनी तिच्याकडे एकवार बघितलं. मग पळी उचलून त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या ताटात भरीत वाढलं. आमच्या घरात आबांनी कुणाला वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून तिला कुणी ‘कुणासंगं?’ असं विचारत नाही, आणि तिच्या मागच्या पोरींनाही विचारणार नाही. अक्कांनी त्या दिवशी सोबतिणीची ओटी राहू दिली आणि तेजलचीच दृष्ट काढली.

परतताना बांधावरून चालताना तिनं माझा हात धरला. म्हणाली, काकू, मागच्या वर्षी तू घाबरली होतीस, तुझं खोटं उघडं पडेल म्हणून. कळलं मला. जाऊ दे आता. मी मान हलवली.

हे ते उरलेलं अर्धं. मी घाबरले नव्हते. शकुंतलाताईंना आजारी पाडता आलं असतं, परदेशातल्या मुलाकडे धाडता आलं असतं, मारूनही टाकता आलं असतं. खोटं बोलायला मला कधी अडचण आली आहे? पण तेजल त्या ओट्यासमोर ताठ मानेनं उभी होती. मी जे चोरून आणलं आणि आणून दुसरीच्या नावावर चढवलं, ते ही सगळ्यांसमोर मागत होती, स्वतःच्या नावानं. आणि तिला ते मिळणार होतं. त्या घरातली डोंगर पाहिलेली बाई मी एकटी होते. मला ते एकटीचंच हवं होतं. नाही म्हणताना मला बरं वाटलं — तिचा चेहरा पडताना बघूनही बरं वाटलं.

तेजलला वाटतं, मी भ्याले. मी तिला तसंच वाटू दिलं आहे. सीताखाईच्या काठावर माझा आवाज जसा निघाला होता, तसाच त्या संध्याकाळी निघाला. स्पष्ट. जराही न अडखळता.