माझ्या पत्रकातले दगड

घरामागचा पोहण्याचा तलाव माशांना द्यायचा, असं आप्पांनी जेवताना जाहीर केलं, तेव्हा मी लेखी विरोध केला. पाच मुद्दे, आणि शेवटी 'हा निर्णय ताबडतोब मागे घ्यावा' अशी ठळक अक्षरांतली मागणी. कागद फ्रीजवर चिकटवला. आईनं तो पूर्ण वाचला आणि म्हणाली, "गॅसवाल्याचा नंबर झाकलास बघ. जरा वर लाव."

मी अशीच वाढले. आप्पांकडे पत्रकांनी भरलेली एक लोखंडी पेटी होती. सीमाप्रश्नाची पत्रकं, पाण्याच्या हक्काची, मोर्चांची, धम्म परिषदांची. एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहायचे आणि कंटाळा आला की कागद उलटून वाचायचे. त्यामुळे मला विनंती करता येत नाही, फक्त मागणी करता येते, असं आई म्हणते.

तलावासाठी भांडायला माझ्याकडे कारण होतं. आप्पा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. बेळगावच्या टिळकवाडीत घर बांधलं तेव्हा मागं जागा सुटली. तिथं त्यांनी स्वतः नकाशा काढून चोवीस फूट लांब आणि बारा फूट रुंद तलाव बांधला. निळी फरशी, एका टोकाला तीन फूट पाणी, दुसऱ्या टोकाला सहा. गल्लीतले लोक हसायचे. "साहेब, धरण कधी भरतंय?" असं येताजाता विचारायचे. मी तेव्हा सहा वर्षांची होते. मला पोहायला शिकवायला एक बाई यायच्या. आप्पा पायऱ्यांजवळच्या उथळ पाण्यात उभे राहायचे, एक हात दांडीवर, एक हात माझ्या पोटाखाली.

कॉलेजात असताना मी या तलावावर पत्रक लिहिलं. लहानपणी कधीतरी आप्पा म्हणाले होते, "गावच्या विहिरीवर पोरं पोहायची. आम्ही लांबनं बघायचो." त्यांचं गाव निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठाला. आमच्या वस्तीतल्या माणसांनी त्या विहिरीला हात लावायचा नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एवढ्या दोन वाक्यांवर मी लिहिलं: 'माझ्या वडिलांना विहिरीवरून दगड मारून हाकललं. म्हणून त्यांनी स्वतःचं पाणी बांधलं.' ते पत्रक फार चाललं. बेळगावात, निपाणीत, खानापूरकडे मी ते सभांत वाचलं. 'दगड मारून' या शब्दांवर लोक मान हलवायचे आणि 'स्वतःचं पाणी' म्हटलं की टाळ्या पडायच्या. निपाणीच्या सभेत आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

तर अशा तलावात मासे सोडायचे म्हणजे मला इतिहास बुजवल्यासारखं वाटत होतं. आप्पांनी माझे पाचही मुद्दे चष्मा लावून वाचले.

"शेवटचं कोण पोहलं ह्यात?" त्यांनी विचारलं.

मला आठवलं नाही. बोअरचं पाणी कमी झालं होतं, पाणी बदलणं परवडत नव्हतं आणि निम्मं वर्ष तलाव झाकून ठेवलेला असायचा.

"मग पाण्यानं काय करायचं? आमची वाट बघत बसायचं?"

मी हरले. हिडकलकडे मासे वाढवणारा एक माणूस आप्पांच्या नोकरीतल्या ओळखीचा होता. तो मोटारसायकलवरून आला, रिकाम्या तलावात उतरला आणि फरशीवरून हात फिरवून म्हणाला, "साहेब, हे लई स्वच्छ हाय. मासा खाणार काय? जगायचा न्हाय."

सगळं उलटं करावं लागलं. वीस वर्षं आम्ही ते पाणी निळं राहावं म्हणून पावडर टाकली होती, जाळीनं एकेक पान उचललं होतं. आता फरशीवरून पावडरीचा अंश खराट्यानं घासून काढला, धुतला, उन्हात वाळू दिला. तळाला मातीचा थर दिला. पाणी भरून शेणकाला ओतला आणि पाणी हिरवं व्हायची वाट बघत बसलो. त्या माणसानं कसोटी सांगितली होती. हात कोपरापर्यंत बुडवायचा. तळवा दिसेनासा झाला की पाणी तयार. आप्पा रोज सकाळी काठावर गुडघा टेकून हात बुडवायचे. आई खिडकीतून विचारायची, "दिसतोय का हात?" ते म्हणायचे, "दिसतोय अजून." मी ते बघायचे आणि मला चीड यायची. इंजिनिअर माणूस, आणि पाणी घाण व्हायची वाट बघतोय.

पंधरा दिवसांनी तळवा दिसेनासा झाला. हिडकलचा माणूस पुन्हा आला. खूश झाला. म्हणाला, "आता बोटुकली टाका. बोटाएवढी पिल्लं, कटला आणि रोहू. आणि लांब कुठं जाऊ नका. निपाणीकडं तुमच्याच गावात एक म्हातारा शेततळ्यात वाढवतोय. असं माशाचं बी आख्ख्या भागात न्हाय."

आप्पांनी विचारलं, "म्हातारा म्हणजे कोण?"

त्यानं आडनाव सांगितलं. मळा कुठं ते सांगितलं.

"तिथनं नको," आप्पा म्हणाले.

"का वो? वळखीचा हाय?"

"शाळेत एका वर्गात होतो."

"मग तर फोन लावा की!"

आप्पा उठून आत गेले. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, कळलं. दगड मारणाऱ्यांपैकी हाच असणार. मी आत गेले आणि आप्पांना म्हणाले की तुम्ही नाही म्हणालात ते बरोबर केलंत, अशा माणसाच्या दारात आपण का जायचं?

आप्पा खुर्चीत बसले होते. पाय अजून ओले होते. ते म्हणाले, "त्यानं दगड मारला न्हाय."

"मग कुणी मारला?"

"कुणीच न्हाय."

आई दारात आली होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. म्हणजे तिला माहीत होतं.

मग त्यांनी सांगितलं. वर्षानुवर्षं शुद्ध बोलणारा हा माणूस हळूहळू गावाच्या बोलीत गेला. "उन्हाळ्याची सुट्टी होती. पोरं पाठीला डबा बांधून उड्या टाकत होती. मी बांधावर बसलोतो. ह्यानं मला बघितलं. पाण्यातनंच हाक मारली, 'ये की रं, कोण न्हाय हितं.' खरंच कोण मोठं माणूस नव्हतं. मी उठलो. चड्डीची नाडी घट्ट केली. आणि घरला आलो."

"का?"

"आईनं सांगितलंतं, तिकडं जायचं न्हाय." त्यांनी चष्मा काढला. "दगड मारले असते तर एखादा मी बी मारला असता गं. कुणी मारलाच न्हाय."

मी विचारलं, मग पुढे पोहायला कुठे शिकलात?

"मला पोहता येत न्हाय," आप्पा म्हणाले.

लहानपणापासून मी त्यांना दांडी धरून उभं राहिलेलं बघितलं होतं. ते माझ्यासाठी उथळ पाण्यात थांबतात असंच मला वाटायचं.

माझ्या पत्रकाची एक प्रत त्यांच्या गावात पोचली होती. त्यानंतर तीन वर्षं आप्पा गावाकडे गेले नव्हते. लग्नं टाळली, चुलत्याच्या पहिल्या स्मृतिदिनालाही गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखत होताच, म्हणून मला शंका आली नाही. खरं कारण असं की, गावात गेलं तर तो माणूस समोर येईल, आणि त्याला वाटत असेल की पोहायला बोलावणाऱ्यावर आप्पांनी दगडाचा आळ घेतला.

"मला आधी का सांगितलं नाही? टाळ्या का वाजवल्या?"

"तू एवढं जोरात वाचत होतीस," आप्पा म्हणाले.

मी त्या रात्री नीट झोपले नाही, एवढंच लिहिते. सकाळी मी गाडी काढली आणि म्हणाले, चला. आई म्हणाली, "मागणी करत्येस का विनंती?" मी म्हणाले, विनंती. आप्पांनी स्वच्छ शर्ट घातला.

तवंदी घाट उतरेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. म्हाताऱ्याचं घर मळ्यात होतं, शेजारी प्लॅस्टिकचा काळा कागद अंथरलेलं शेततळं. तो खाटेवर बसला होता. आप्पांना बघून उठायला लागला, पण त्याची कंबर धरलेली. दोघं थोडा वेळ तसेच, एक अर्धा उठलेला आणि एक अर्धा वाकलेला.

"बस की साहेब," तो म्हणाला. "वाट चुकलास?"

"मासे न्यायला आलोय."

"मासे व्हय." तो हसला नाही.

सुनेनं चहा आणला. ती गावच्या शाळेत शिकवते. आमचे कप वेगळे आहेत का, ते मी बघितलं. ती माझी सवय आहे, ती जाणार नाही आणि घालवायचीही नाही. चारही कप एकाच सेटमधले होते.

मी म्हणाले, पत्रकातली ती ओळ माझी आहे. आप्पांनी तसं कधीही सांगितलेलं नाही. हे मला उभं राहून म्हणायचं होतं, पण खुर्ची खोल होती आणि चहा हातात होता, म्हणून बसूनच म्हणाले.

म्हाताऱ्यानं सुनेकडे बोट केलं. मग म्हणाला, "ह्या सुनेनं वाचून दाखवलंतं. मला म्हणाली, मामा, तुम्ही मारलातासा दगड? मी म्हटलं, आठवत न्हाय. मारला असंल."

"तू मारला न्हाईस," आप्पा म्हणाले. "तू बोलावलंस."

"मी बोलावलं?"

"ये की रं म्हणालास."

"मला आठवत न्हाय बघ." त्यानं कप खाली ठेवला. "त्या टायमाला आम्ही काय काय न्हाय केलं. तुझी आई आमच्या परड्याच्या भाईर उभी राहायची, वरनं पाणी वतायचं. ते आठवतंय. म्हणून म्हटलं, दगड बी मारला असंल." आणि मग एकदम, जवळजवळ रागानं, "मी बोलावलं तर आला का न्हाईस रं?"

आप्पा गुडघा चोळत राहिले. मला उत्तर माहीत होतं, त्यावर मी दहा पानं लिहू शकले असते. मी पहिल्यांदाच गप्प बसले.

सुनेनं मला विचारलं, "म्हणजे असं कुठं झालंच न्हवतं?"

"झालं होतं," मी म्हणाले. "पुष्कळ गावांत. पुष्कळांच्या बाबतीत. इथं, ह्या दोघांत झालं नव्हतं."

"मग तेवढंच लिहायचं की," ती म्हणाली. चेष्टा नव्हती, टोमणाही नव्हता. वर्गात चुकलेलं गणित दाखवावं तसं.

म्हाताऱ्यानं स्वतः जाळं टाकून पिल्लं काढली, पाण्याच्या पिशव्यांत हवा भरून तोंडं बांधली. आप्पांना म्हणाला, "पिशवी तशीच पाण्यावर तरंगू दे अर्धा तास. बाहेरचं आणि आतलं पाणी एका अंगाचं झालं की मग सोड. घाई केलीस तर मरत्यात." जाताना दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला नाही. म्हातारा जाळं धूत होता.

पिशव्या आम्ही अर्धा तास तरंगू दिल्या. मग आप्पांनी गाठ सोडली. एका पिशवीतली काही पिल्लं तरीही सकाळी उलटी झालेली दिसली. आप्पांनी फोन लावला. मला वाटलं हिडकलला लावला असेल, पण ते म्हणत होते, "व्हय रं, तरंगू दिलीती. अर्धा तास दिलाता." ते बोलणं बरंच लांबलं. पूर्ण वेळ माशांचंच होतं. पुढच्या महिन्यात ते एका लग्नाला गावाकडे गेले, गुडघ्याला पट्टा बांधून.

मी पत्रक पुन्हा लिहिलं. दगड काढले. त्या जागी आता असं आहे: 'त्यांना बोलावलं होतं. त्यांना जाता आलं नाही. हे जाता न येणं कुणी घडवलं, ते विचारा.' निपाणीच्या सभेत मी ते वाचलं. आप्पा होते, सून आली होती, म्हातारा नव्हता. मान कुणी हलवली नाही. टाळ्या पडायच्या त्या जागी कुणीतरी खोकलं. मी थोडी थांबले, आणि पुढची ओळ वाचली.