पुस्तक परत कराले आलो

"बाई, पुस्तक परत कराले आलो," असं म्हणत मास्तर रिकाम्या हातांनी माझ्या टेबलापुढे उभे राहायचे. फोनवरचं पुस्तक पंधरा दिवसांनी आपोआप परत जातं, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. ते म्हणायचे, "जात असन. पण नेलं मी, तर परत कराले मीच आलो पायजे."

मी सिंदेवाहीच्या वाचनालयात ग्रंथपाल आणि मास्तर बसस्टँडजवळचे शिंपी. शाळा चौथीपर्यंत झालेली. पण शुक्रवारची नमाज आटोपली की पावलं थेट आमच्याकडे वळायची. प्रवासवर्णनं त्यांची फार आवडती.

मग काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मास्तर यायचे थांबले. दोन महिन्यांनी मीच दुकानात गेले. सून मशीनवर होती. मास्तर बोटांनी चाचपत बटणं लावत होते.

वाचनालयाची पुस्तकं आता फोनवरही फुकट मिळतात, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, असं सांगून मी त्यांना सगळं लावून दिलं. त्यांनी अक्षर इतकं मोठं केलं की पडद्यावर तीनच शब्द मावत. तीन-तीन शब्दांनी त्या माणसानं एक अख्खं चरित्र वाचून काढलं. पुढे तेही दिसेना.

"आता ऐकायची पुस्तकं घ्या, मास्तर."

"कानानं वाचणं म्हंजे वाचणं हाय का, बाई?"

"एक ऐकून तर पाहा."

चार दिवसांनी सुनेचा हात धरून आले. "वाचणारा जरा घाई करते," म्हणाले, "पण वाचते चांगला. दुसरं द्या."

फोनवरचंही एक पुस्तक एका वेळी एकालाच मिळतं, हे कळल्यावर ते मुदतीआधीच संपवू लागले. "मागं कोणाचा तरी नंबर असन." दुकानात पुस्तक मोठ्यानं लागायचं. माप देऊन झालेल्या बायाही प्रकरण संपेपर्यंत उठत नसत.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या कार्यकारिणीत विषय निघाला: ही फोनवरची सोय कोणी वापरत नाही, बंद करावी. मी मास्तरांना सभेला बोलावलं. कडक इस्त्रीचा सदरा घालून आले.

अध्यक्षांनी विचारलं, "मास्तर, तुम्हाला दिसत नाही. मग सभासद कशाला राहता?"

"साहेब, तुमी यंदा कोणतं पुस्तक वाचलं?"

अध्यक्ष समोरचे कागद चाळू लागले.

"मी बावीस वाचले. कोणतंबी विचारा."

एका सदस्यानं गंमत म्हणून ताजं पुस्तक विचारलं. मास्तरांनी ध्रुवाकडे निघालेल्या जहाजाची हकीकत सांगायला घेतली. जहाज बर्फात कसं अडकलं, माणसांनी कुत्र्यांना कसं जपलं, सगळं. बाहेर आमच्याकडचं ते रखरखीत ऊन, आणि आत कोणी पंख्याकडे बघतसुद्धा नव्हतं. हकीकत संपली तेव्हा अध्यक्षांनी विषय मागे घेतला. त्या दिवसाचं इतिवृत्त मी माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलं. इतका अभिमान मला नोकरीत पुन्हा कधी वाटला नाही.

गेल्या थंडीत मास्तर गेले. चाळिसावा झाल्यावर त्यांची सून वाचनालयात आली, सोबत मोहल्ल्यातल्या सहा बाया.

"आमाले सभासद व्हायचं हाय, बाई."

आमच्या अर्जावर 'शिफारस करणारा सभासद' असा एक रकाना आहे. सातही जणींनी त्यात मास्तरांचं नाव लिहिलं होतं. नियमानं शिफारस हयात सभासदाचीच चालते. मी सातही अर्जांवर शिक्का मारला.