शेजारच्या खाटेवरची बाई

आईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला घरात बसवेना, म्हणून मी रामघाटावरून ऑटो करून सारनाथला गेले. स्तूपापाशी एक वयस्क तिबेटी भिक्षुणी माळ ओढत बसली होती. तिला म्हटलं, "आई दवाखान्यात आहे, उद्या तिचं ऑपरेशन आहे. तिच्यासाठी प्रार्थना कराल का?"

"करीन की," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "पण तिच्या शेजारच्या खाटेवर कोण आहे?"

त्या बाईच्या कण्हण्याने आईची झोपमोड होते, एवढंच मला ठाऊक होतं.

"मग दोघींसाठी करू," म्हणत तिने डोळे मिटले. मीही तिच्याजवळ बसून राहिले.

संध्याकाळी दवाखान्यात आईला चहा देताना त्या बाईलाही दिला आणि विचारपूस केली. ती गाझीपूरकडची होती. मुलगा सुरतेला कामाला, त्याला अजून सुट्टी मिळाली नव्हती. बोलता बोलता ती रडली. मी तिचा हात धरून बसले.

आईचं ऑपरेशन नीट झालं. तिला वॉर्डात आणलं तेव्हा ती बाई कशीबशी उठून बसली होती.

"अम्मा ठीक हैं न?" तिने विचारलं. "सबेरे से हम गंगा मैया को मना रहे थे."