पऱ्यापलीकडचं नवं

माझा पाय एका जागी ठरत नाही, हे आईने मला लहानपणापासून ऐकवलं होतं. त्यामुळे बालवाडीची नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा ती हसतच सुटली. पोरांना एका जागी बसवायचं, आणि ते कोणी, तर मी!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. महाडहून सकाळची एस्टी धरायची, पोलादपूरला उतरायचं आणि आंबेनळी घाटाच्या रस्त्याने थोडं जाऊन शेताच्या बांधांवरून आत वळायचं. मी महाडच्या बौद्ध घरातली, वडील शाळामास्तर. गावात ही बातमी माझ्या आधी पोचली होती. बालवाडी तोवर देवळाच्या पडवीत भरायची. मी रुजू झाले आणि त्याच आठवड्यात पडवीला रंग लावायचं ठरलं. तो रंग मी तिथे असेपर्यंत काही लागला नाही. मग मुंबईला गेलेल्या एका कुटुंबाच्या बंद घराची ओटी आम्हाला मिळाली. ओटीच्या एका अंगाला बौद्धवाडी, दुसऱ्या अंगाला पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, आणि पऱ्यापलीकडे गाव.

पोरं दोन्हीकडची यायची. बाया शेतावर जायच्या, तर पोरं सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. शिकवणारी म्हणून नाही, सांभाळणारी म्हणून मी चालत होते. ते मला कळत होतं आणि चांगलंच झोंबत होतं.

प्रशिक्षणात आम्हाला महिनावार वेळापत्रक दिलं होतं. पावसाळ्यात छत्रीचं चित्र रंगवा, हिवाळ्यात स्वेटरचं. आमच्या पोरांच्या डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ असायची आणि स्वेटर त्यातल्या एकाकडेही नव्हता. मी ते वेळापत्रक भिंतीला लावलं आणि पोरांना घेऊन बाहेर पडले. पोरंही माझ्यासारखीच चुळबुळी, त्यामुळे आमचं जमलं. श्रावणात बांधावरची चिकण माती आणून आम्ही ताटल्या, चुली, बेडूक केले. पानं गेरूत बुडवून रद्दीवर छापली. भेंडी आडवी कापून तिचे ठसे उठवले. भाद्रपदात सगळीकडे तेरडा फुलला, तेव्हा पाकळ्या चुरगाळून बोटांनी रंगवलं. केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, धागे काढून फुलांच्या जुड्या बांधायला शिकवल्या. गाठ माझ्या आईची होती. दोन वेढे द्यायचे, टोक आतून काढायचं आणि कचकन ओढायचं. पोरांना ते ओढणं फार आवडायचं.

रोज निघताना मी बजावायची, केलेलं घरी न्या, आईला दाखवा. पोरं हो म्हणायची. एकदा पोरं गेल्यावर मी हात धुवायला पऱ्यावर गेले. दगडांच्या बेचक्यात पानांच्या छापाचे कागद लगदा होऊन अडकले होते. मातीचे बेडूक विरघळत होते. त्या आठवड्यातलं सगळंच तिथे होतं, पण फक्त पलीकडच्या पोरांचं. वाडीतली पोरं वस्तू घरी नेत होती, तुळईवर ओळीने मांडलेल्या मी पाहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या एका मुलीला विचारलं. पाचेक वर्षांची, डावखुरी, आणि हाताला काम दिसलं की जेवण विसरणारी.

"पाण्यात का टाकलंस गो?"

"आजा बोलला, बालवाडीतला काय घरात आनायचा नाय."

"का?"

"ठावं नाय." मग तिने हळूच विचारलं, "बाई, मी येक लपवून नेऊ?"

लपवून! माझा संताप संताप झाला. मी तिला नको म्हटलं, कारण मार तिने खाल्ला असता. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. पोरांचं काम बघून मी वाहवा करायची आणि मनात म्हणायची, हे आता पऱ्यात जाणार. महाडला घरी आले तरी जेवणात लक्ष नसायचं. वडील म्हणाले, दमानं घे. दम हा प्रकार माझ्याकडे कधीच नव्हता.

आश्विनात भात पिवळं पडलं आणि नव्याचा दिवस आला. त्या भागात भाताच्या पहिल्या लोंब्या, नाचणीचं कणीस, झेंडू आणि आंब्याचं पान एकत्र बांधून देवापुढे ठेवतात, मग दाराला लावतात. त्याआधी नवा दाणा तोंडात घालत नाहीत. आणि एकदा बांधलेलं नवं कधी टाकत नाहीत. वाळून आपोआप गळेपर्यंत ते जागेवर राहतं. आमच्या घरी हे सगळं वडिलांनी कधीच बंद केलं होतं, त्यामुळे मी त्या सकाळी काहीच ठरवलं नव्हतं. ठरवलं पोरांनी. घरोघरी लोंब्या आणून ठेवल्या होत्या, त्यातली मूठ मूठ उचलून ती आली आणि आल्या आल्या सोपाचे धागे मागायला लागली. मला देवाधर्माचं काही नव्हतं. हातात धागा आणि समोर गाठ मारायला निघालेली पोरं, एवढं मला पुरे होतं.

डावखुरीच्या लोंब्या सारख्या निसटत होत्या. मी तिची जुडी हातात घेऊन गाठ मारून दिली. ती झेंडू खोचत होती तेवढ्यात अंगणात तिचा आजा उभा राहिला. गावात त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

"लोंब्या कुठं हायत गो?"

तिने जुडी वर धरली.

"कोनी बांधला ह्यो?"

"मी. गाठ बाईंनी मारली."

म्हातारा जुडीकडे बघत राहिला. मग त्याची नजर पऱ्याकडे गेली. ती जाताना मी पाहिली आणि माझ्या तोंडाला लगाम राहिला नाही.

"टाका खुशाल. पण का टाकता ते तिला माझ्यासमोर सांगा."

"नवं टाकीत नाय, बाई," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. देठाच्या टोकाला धरून त्याने जुडी घेतली आणि चालायला लागला. पोरगी मागे धावली. मी ओटीच्या कडेला येऊन टाचा उंचावून बघत राहिले. पऱ्यात उतरला, पलीकडे चढला. जुडी हातातच होती.

ती दुपार मी कशी काढली ते माझं मला माहीत. पोरांनी गाणं म्हणा म्हटलं तर मी अर्ध्यातच थांबत होते.

दुसऱ्या सकाळी ती धावतच आली. "बाई, आमचा नवा म्हशींना बांधला!"

गोठ्याला! गोठ्यालाही नवं बांधतात, नाही असं नाही. नांगराला, विहिरीलाही बांधतात. म्हणजे म्हाताऱ्याने मला भांडायला जागाही ठेवली नव्हती. पण दार घराला होतं, देव्हारा घरात होता आणि आमची जुडी गेली म्हशींकडे. पोरगी मात्र आनंदाने नाचत होती. सुटल्यावर तिने माझं बोट धरलं आणि ओढतच नेलं. पऱ्या ओलांडून गावातल्या घरांपर्यंत मी त्या दिवशी पहिल्यांदा गेले.

घराच्या दारावर दुसरं, ताजं नवं होतं. गोठ्याच्या आडव्या वाशाला आमचं. मी जवळ जाऊन बघितलं, तर गाठ माझी नव्हती. वेढे दोनच, टोकही आतून काढलेलं, पण सगळं उलट्या बाजूने.

"आज्याने तुमची सोडली," ती म्हणाली.

म्हातारा ओटीवर बसला होता. तिथूनच बोलला, "मी बांधला तर लोंब्या गळाया लागल्या. मंग पोरीनं बांधला."

"घट्ट बसलीय," मी म्हटलं.

"हां. बसलीय."

मला हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि राग होता तो तसाच राहिला. कोणी बस म्हणालं नाही, पाणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही. परत येताना पऱ्यात उभी राहून मी दगडांच्या बेचक्यात बघितलं. त्या दिवशी आमचं तिथे काही नव्हतं.