माहूरला म्हणून निघालेली गाडी

उदगीर जिल्हा होणार, या वेडापायी आमच्या दाजींनी ती गाडी घेतली. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. नवा जिल्हा झाला की लोक कचेरीच्या कामाला रोज लातूर-उदगीर खेपा मारणार, असं चहाच्या टपरीवर कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. झालं, यांनी सतरा सीटची जुनी गाडी दारात आणून उभी केली. जिल्हा काही झाला नाही. गाडीच्या सावलीला कुत्री झोपायला लागली. कुणी टोकलं की दाजी म्हणायचे, होऊ दे की जिल्हा, मग बघा.

नवरा गेल्यापासून मी अक्काच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. शिलाईवर माझं भागतं. भाचीची बारावी झाली, वर्षभर क्लासला जाऊन जाऊन पोरगी पार सुकून गेली होती. तिनंच एकदा मोबाइलवर दाखवलं की लोक गाडीतच बिछाना टाकतात, शेगडी ठेवतात आणि समुद्राच्या काठावर जाऊन राहतात. अक्का गाडीकडं बघत म्हणाली, हिचं असं करता आलं तर? आणि माझ्याकडं बघून हसली.

ते हसणं आम्हा दोघींचंच होतं. हदगावला आमच्या घरी कापूस वेचून आला की एक खोली छतापर्यंत भरायची. आम्ही दोघी फळीवरून त्यात उड्या मारायचो, आणि अक्का ओरडायची, हा समुद्र! मोठ्या झाल्यावर खऱ्या समुद्रात जायचं, दोघींनी हात धरून जायचं, असं तिनं मला तेव्हाच कबूल केलं होतं. तिनं तोवर समुद्र पाहिला नव्हता, मीही नाही. नवऱ्याच्या आजारपणातही कधी कधी माझ्या मनात यायचं की एवढं एक तरी अक्का आपल्याला दाखवील.

मग काय, रोज संध्याकाळी ओट्यावर बैठक. दाजींनी सीटा काढून दोन बाकं ठोकून घेतली, टपावर पाण्याची टाकी बसवली. पडदे मी शिवले, गाद्यांच्या खोळी मी शिवल्या. गाडीच्या बाजूला मांडवासारखी लावायची ताडपत्री शिवताना माझ्या मशिनच्या चार सुया मोडल्या. सोलापूर, कोल्हापूर, आंबा घाट आणि खाली रत्नागिरीकडं, असा रस्ता ठरला. तिथं एका माणसाची नारळाची वाडी होती, तो गाड्या उभ्या करू द्यायचा. दाजींनी त्याला फोन लावला, आणि पहिला प्रश्न काय विचारावा? तुमच्याकडं पाणी कितव्या दिवशी येतं? तो बिचारा म्हणाला, विहीर आहे की, रोज असतं. दाजींचा विश्वास बसेना. फोन ठेवून आम्हाला म्हणाले, टाकी इथूनच भरून न्यायची, कुणाचा काय नेम.

हसू नका. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. आमच्या गल्लीत टँकर कधी आठ दिवसांनी यायचा, कधी दहा. दार बंद दिसलं की तुमचा नंबर गेला, मग बसा पुढच्या टँकरची वाट बघत. त्यामुळं प्रत्येक घरात एक माणूस कायम पाण्यासाठी अडकलेलं. लग्नाला जायचं तर एकानं मागं राहायचं, मयतीला जायचं तरी एकानं राहायचं. मग आम्ही सगळेच निघालो तर दोन घरांचं पाणी भरणार कोण? समोरच्या चाची आपण होऊन म्हणाल्या, जाव तुम्ही बेफिकीर, दोन्ही घरचे बॅरल मी भरून घेते. माझा जीव भांड्यात पडला. पिशवी भरून मी ती दाराशीच ठेवली.

निघायच्या दोन दिवस आधी अक्काला आठवलं की गाडी अजून माहूरला नेलीच नाही. आमच्या माहेरी नवी गाडी आधी देवीला दाखवतात, मगच लांबच्या वाटेला लावतात. अक्का म्हणाली, आम्ही दोन दिवसांत देवीला जाऊन येतो, तू थांब, टँकर आला तर दोन्हीकडचं भरून घे. आल्या आल्या निघू. देवीचं नाव घेतल्यावर मी कशाला शंका घेईन? मीच नारळ आणून दिला. मीच गाडीच्या आरशाला लिंबू-मिरची बांधली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. मी पदर खोचला, नळी ओढली, आधी अक्काचे बॅरल लावले. चाची शेजारी घागरी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरं केलं तू थांबलीस. नाहीतर मला दोन घरं झेपली असती का कोण जाणे."

मी म्हटलं, तसं नाही चाची, परवा आम्ही सगळे जायलो की समुद्राला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "अगं, तुझी अक्का तर मागच्या जुम्याला सांगून गेली, तू येणार नाहीस, तुला गाडी लागते म्हणून. पाण्याचं तूच बघशील म्हणाली."

नळी माझ्या हातात तशीच राहिली, पाणी वरून सांडायला लागलं, लोक ओरडायला लागले तेव्हा भानावर आले. बॅरल भरले, झाकणं लावली, घरात गेले आणि भाचीला फोन लावला. मागं नुसता घूं घूं वारा. पोरगी आनंदानं सांगत होती, "मावशी, लई मोठा हाय गं! तुला उलट्यांचा त्रास नसता तर किती मजा आली असती." तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, नीट राहा, लांब जाऊ नको पाण्यात. आणि फोन ठेवला.

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ही माझ्या पाठची नव्हे, माझ्या पुढची बहीण, आणि हिनं देवीच्या नावाखाली माझा केसानं गळा कापला. तिरीमिरीत उठले आणि अक्काच्या बॅरलची झाकणं काढली. सगळं मोरीत ओतून टाकायचं, येऊ दे खारट अंगानं आणि बसू दे कोरडी. बॅरल कलता केला. पण त्या साली आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईच्या हातून पाणी ओतणं होणारच नव्हतं. मी झाकणं परत लावली आणि तिथंच बसून रडले.

पाच दिवसांनी गाडी आली. माझे पडदे वाळूनं भरलेले, दाजींचं नाक उन्हानं सोललेलं. ते माझी नजर चुकवून थेट चहाच्या टपरीकडं गेले. अक्का शंखशिंपल्यांची पिशवी माझ्यापुढं धरायला लागली. मी हात पुढं केला नाही. चाचीनं सांगितलं मला, एवढंच म्हणाले.

अक्का आधी चिडली. मग म्हणाली, "दुसऱ्याच्या भरवशावर दोन घरं सोडून कसं जायचं? तुझ्यावानी कुणी भरलं असतं? आणि तुला खरं सांगितलं असतं तर थांबली असतीस का तू?"

"थांबले असते," मी म्हटलं. "नुसतं विचारलं असतंस ना अक्का, तरी थांबले असते."

अक्कानं तोंड फिरवून पोरीला हाक मारली, म्हणाली, आधी तू डोक्यावरून अंघोळ करून घे, पाणी भरपूर आहे.